रावस मुरेपर्यंत

मुलखापासून लांब राहणारी चार माणसं मासे खायला एकत्र जमली, की किस्से आपोआप साठत जातात. आमचे जरा जास्तच साठले, कारण आमच्यात कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता!

ऐंशीच्या दशकातलं मद्रास. नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत आम्ही दोघं नवरा-बायको. गल्लीच्या टोकाला मुलाकडे राहणाऱ्या रत्नागिरीच्या दळवी मावशी. आणि मधल्या घरात, वरच्या मजल्यावर, शालिनी आणि तिचा नवरा सामंत. त्यांचे घरमालक तंजावरी मराठी. त्यांना सगळे रायर म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. खालीच राहायचे. घर हवेशीर, विहिरीला पाणी. अट एकच, घरात मासा आणायचा नाही. आणला तर त्याच महिन्यात जागा खाली!

शालिनीला तेव्हा दिवस गेले होते. पुन्हा सामान बांधायच्या नुसत्या कल्पनेनं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून आम्ही व्यवस्था लावली. रविवारी रावसाला मसाला लावायचा माझ्याकडे, तळायचा मावशींकडे, आणि सामंत जोडप्यानं फक्त जेवायला यायचं.

* * *

मसाला लावायचा मान मावशींचा. आधी हळद-मीठ, मग गावाहून आणलेलं कोकमाचं आगळ, मग आलं-लसूण आणि तिखट. आगळाची बाटली त्या कुणाच्या हाती देत नसत. रत्नागिरीहून येताना मांडीवर घेऊन आलेली बाटली!

सगळं आमच्यासमोर व्हायचं, पण शेवटी मावशी पाठ फिरवून काहीतरी करायच्या. काय ते दिसायचं नाही. मी म्हणायचे हिंग, शालिनी म्हणायची गूळ. सामंतांना तर खात्री होती की चिमूटभर खसखस असते आणि म्हणूनच दुपारी इतकी झोप येते.

एकदा मी सरळ विचारलं, "मावशी, पाठ फिरवून काय घालता?"

"काही घालत नाही गो!"

"मग पाठ का फिरवता?"

"तुम्ही सगळी टक लावून बघता म्हणून!"

त्यानंतर आमचा संशय दुप्पट झाला.

* * *

सामंतांचा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता. बोट मद्रास बंदराला लागली, तेव्हा तो बर्फात गुंडाळलेला एक मोठा तुकडा घेऊन आमच्या घरी आला. "वहिनी, खरा सॅमन मासा! थेट परदेशातला!"

कागद सोडला तर आत गुलाबी-नारिंगी मासा.

मावशी दोन पावलं मागे सरल्या. "रंग लावलाय ह्याला."

"नाही हो मावशी, मुळातच असा असतो."

"मुळात असा मासा असता तर आम्हांला ठाऊक नसता?" मावशींनी माझ्या नवऱ्याचा पांढरा रुमाल मागून घेतला, ओला केला आणि मासा खसाखसा पुसला. रुमालाला काही लागलं नाही. तेव्हा म्हणाल्या, "रंग पक्का आहे."

भावानं कळवळून सांगितलं, की ह्याला फक्त मीठ, मिरपूड आणि लिंबू लावायचं, तेही हलक्या हातानं. मावशींनी त्याला विचारलं, "का रे, कोण आजारी आहे?" आणि आगळ, लसूण, तिखट असं सगळं चोळून, वर तांदळाचं पीठ लावून, तो चांगला खरपूस तळला.

पहिला घास घेऊन मावशी खूश झाल्या. "अगदी रावसासारखा लागतो की!"

भाऊ बराच वेळ ताटाकडे बघत होता.

"मग एवढ्या लांबून आणलास कशाला?" मावशींनी मायेनं विचारलं.

* * *

जेवण झालं की खरी भीती सुरू व्हायची. रायर फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असत, आणि त्यांचं नाक म्हणजे कस्टमचा अधिकारी! सामंत आमच्याकडे कॉफीचा उरलेला चोथा हाताला चोळून, तोंडात बडीशेप टाकून निघायचे.

एका रविवारी रायरांनी त्यांना थांबवलं. हात पुढे करायला लावला. वास घेतला.

"कॉफी," रायर म्हणाले.

"हो, कॉफी," सामंत म्हणाले.

"सोमवारास वास नसतो. मंगळवारास नसतो. रविवारासच तुम्ही कॉफी हातानें पितां काय?"

सामंत त्या रात्री जेवले नाहीत. शालिनीनं तर नव्या जागेची चौकशीही सुरू केली.

* * *

आणि मग तो रविवार. आमच्या गल्लीतलं पाणी गेलं आणि रावस आधीच आणलेला! मावशींकडेही नळ कोरडा. विहीर फक्त रायरांकडे. सकाळी रायर तांबरमला नातेवाइकांकडे गेलेले दिसले, अक्काही बरोबर गेल्या असं आम्ही धरून चाललो, तेव्हा मावशी म्हणाल्या, "शालिनीकडेच धुवू आणि मुरवू, बादल्या कोण वाहणार? तासाभरात उचलू." शालिनी नको नको म्हणत होती. तिच्या भांड्यांना मासा लागू नये म्हणून मावशींनी आपलं जुनं अल्युमिनियमचं पातेलं आणलं.

मासा धुऊन झाला, मसाला लागला, आणि जिन्यावर पावलं वाजली.

"इतकें पाणी कशास सांडलांत?" अक्का थेट स्वयंपाकघरात!

अक्कांनी आमच्या तिघींकडे बघितलं, मग ओट्याकडे. पातेल्यावरची ताटली उचलली. बघत राहिल्या. शालिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"अय्यो!" अक्का म्हणाल्या. "आंबट लावून अल्युमिनियमांत?"

ताटली ठेवून त्या तरातरा खाली गेल्या. "संपलं," शालिनी म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. मावशी पातेलं पदराखाली घेऊन उभ्या. पण पळणार कुठे? जिना एकच!

अक्का परत वर आल्या. धापा टाकत. हातात दगडी भांडं, तिकडे चिंचेच्या कोळाला वापरतात तसलं, जड आणि काळंभोर. त्यांनी ते शालिनीसमोर ठेवलं.

"ह्यांत मुरवा. बाळंत होईपर्यंत वरच ठेवून घ्या. खालीं आणूं नका, ह्यांस दिसेल."

आणि गेल्या.

मावशी पुढे झाल्या. भांडं उजेडात तिरकं धरलं, आत बोट फिरवलं आणि तळाच्या खाचेतून नखानं काहीतरी खरवडून काढलं. वाळलेलं, चकचकीत.

"खवलं आहे," मावशी हळूच म्हणाल्या. "आणि रावसाचं नाही!"