लाल मखमलीची गादी

त्या लॉरीवाल्याचे नाव मी कधी विचारले नाही. लॉरी हीच त्याची ओळख होती. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर रंगवलेले मोर, पुढे लखलखीत पितळी भोंगा आणि आत, त्याच्या शेजारी, लाल मखमलीची गादी. ती तो रोज उपरण्याने झटकी. तिच्यावर कोणाला बसलेले मात्र मन्नाएखेळ्ळीत कोणी पाहिले नव्हते.

आजारी वडिलांना, अप्पांना, हुमनाबादच्या दवाखान्यात नेताना मी ती जागा मागितली.

"गादी मळंल की, अण्णा. मागं ज्वारीच्या पोत्यावर बसवा. म्हाताऱ्याला हवा लागंल."

हवा भरपूर लागली. धूळ वरकड मिळाली.

तिसऱ्या दिवशी अप्पा गेले. त्यांना गावी न्यायला तोच आला. मी त्यांना मागे निजवू लागलो, तसा तो रागावला.

"मागं कामून निजवायलाव? आपण लिंगायत. मेलेल्याला बसवूनच न्यायचं, बसवूनच पुरायचं. जित्या माणसाचं काय, ते कुठंबी बसतंय."

त्याने गादी झटकली, अप्पांना तिच्यावर बसवले आणि आपल्याच उपरण्याने बैठकीच्या पाठीला नीट बांधले.

वाटभर त्याने एकेक खड्डा जपून चुकवला. मागे पोत्यावर बसून मी केबिनच्या मागच्या झरोक्यातून अप्पांची मान पाहत होतो. दवाखान्यात जाताना ती दर खड्ड्याला माझ्या खांद्यावर आपटत होती.