शिंकांचं माप

मिरची किती तिखट, हे लोक जिभेवर ठरवतात. गिरणीवाल्या बाई नाकाने ठरवायच्या. ताजं कांडलेलं तिखट चिमूटभर हुंगायचं आणि शिंका मोजायच्या. एक शिंक म्हणजे लेकराबाळांच्या घरचं, दोन म्हणजे रोजच्या वापराचं, तीन म्हणजे जपून. चार आल्या तर पिशवीवर चार रेघा ओढून बाई गिऱ्हाइकाला दटावायच्या, "निम्मंच घाला हो, नाहीतर माझ्या नावाने बोंब मारत याल." वीस वर्षांत हे माप चुकलं नव्हतं. अख्खा बाजार त्यांना शिंकाक्का म्हणायचा, आणि आक्कांना त्याचा भारी अभिमान.

पन्नाशी ओलांडली आणि शिंकेबरोबर भलतंच व्हायला लागलं. आधी थेंबभर गळायचं. मग दोन शिंकांना कपडे बदलायची पाळी. सांगता येईना आणि सहन होईना, अशी गत. आक्कांनी नाकावर दुहेरी फडकं बांधलं, पाणी पिणं तोडलं, हसणंसुद्धा तोलूनमापून. शेजारची पिठाची चक्की नवरा सांभाळायचा. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिला सर्दी झालीय." सर्दी झालेली बाई शिंकत कशी नाही, हा प्रश्न काही त्या भल्या माणसाला पडला नाही.

पण शिंकाच नाहीत तर माप कसलं? आक्का अंदाजाने रेघा ओढायला लागल्या. एका दुपारी खानावळीचा आचारी तणतणत आला. दोन रेघांचं तिखट म्हणून त्याने नेहमीसारखं सढळ हाताने घातलं होतं, आणि जेवणारी माणसं पाण्याच्या तांब्यांवर तुटून पडली होती.

"तुमच्याने होत नसेल तर मिरचीचं यंत्र मला विका," तो म्हणाला. "खानावळीच्या मागे बसवतो."

तीन महिन्यांनी हंगाम संपला की येऊन चालवून बघा, असं आक्कांनी सांगितलं आणि आत जाऊन पोत्यावर बसून रडल्या. डोळ्यांतल्या पाण्याचं खापर मिरचीवर फोडता आलं, तेवढंच बरं.

अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात. आक्कांना जावई नव्हता. सून होती, आणि ती दवाखान्यात नर्स.

"आई, दिवसातून चारदा कपडे का धुता?" तिने विचारलं.

"मिरची उडते अंगावर."

"फक्त कमरेखाली?"

आक्का वरमल्या आणि मग सगळं सांगून बसल्या. शेवटी "आता वयच झालं" हेही म्हणाल्या. सुनेने तेवढं मात्र ऐकून घेतलं नाही. आधी डॉक्टरबाईंना दाखवलं, पाणी पुन्हा सुरू केलं, आणि मोबाइलवर व्यायामाचं ॲप टाकून दिलं.

ॲपमधली बाई दिवसातून तीनदा गोड आवाजात सांगायची, आवळा, धरून ठेवा, सोडा. पहिल्या दिवशी आक्कांनी दात आवळले, मुठी आवळल्या आणि श्वास कोंडून लालबुंद झाल्या. सून खुर्चीवरून पडायची तेवढी राहिली.

"आई, दात आणि मुठी नाही. चारचौघांत वारा सरायला लागला तर काय कराल, तसं."

"मग हे आधी सांगायचं ना," आक्का म्हणाल्या. "त्यात तर माझी उभी हयात गेलीय."

रोज संध्याकाळी ॲप विचारायचं, आज किती वेळा गळलं? आक्का शून्य दाबायच्या. रोज शून्य. मोबाइलपुढेही लाज, काय म्हणावं या बाईला! ॲपला वाटलं, बाई बऱ्या झाल्या. त्याने दुसऱ्याच आठवड्यात व्यायाम दुप्पट केला, आणि आक्का कंबर धरून बसल्या. सुनेने मोबाइल उघडून बघितला.

"लोक डॉक्टरशी खोटं बोलतात, माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही मोबाइलशीही?"

त्या दिवशी आक्कांनी खरा आकडा टाकला, अकरा. टाकल्यावर त्यांना फार हलकं वाटलं.

मग व्यायाम कामातच मुरला. मिरचीची मूठ यंत्रात सोडताना आवळायचं, चाळताना सोडायचं. नवऱ्याला बायको मधूनच खांबासारखी उभी दिसायची. "काय झालं?" म्हणून विचारलं तर "काम करतेय" एवढंच उत्तर. ॲपने आणखी एक युक्ती शिकवली. शिंक येतेयसं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. अकराचे सात झाले, सातचे चार. दोनावर मात्र गाडी अडली ती पंधरा दिवस हलेना, आणि आक्का ॲपमधल्या बाईला उलट बोलायला लागल्या. पण व्यायाम सोडला नाही.

ठरल्या दिवशी आचारी मिरचीचं पोतं घेऊन यंत्र चालवून बघायला आला. आक्कांनी शेवटचंच म्हणून स्वतः मिरची कांडली.

"किती रेघा?" त्याने जुन्या सवयीने विचारलं.

आक्का थबकल्या. सुट्टी म्हणून सून दारात उभी होती. तिच्याकडे एकदा बघून आक्कांनी नाकावरचं फडकं सोडलं आणि चिमूट हुंगली. नाक हुळहुळलं. त्यांनी आधी आवळलं.

एक. दोन. तीन. थोडं थांबून चौथी आली, ती अशी की शेजारी नवरा दचकून उभा राहिला.

आक्का तशाच थांबल्या. वाट बघितली. कोरडं ठणठणीत. मग त्यांना हसू फुटलं. किती महिन्यांनी त्या पोट धरून, खदाखदा हसल्या, आणि तेही कोरडंच.

"चार रेघा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "निम्मं घाला. आणि यंत्र विकायचं नाही."

"अहो, मी जागा करून ठेवलीय."

"तिथे कांदे ठेवा."

"हिची सर्दी गेली वाटतं," नवरा म्हणाला आणि चक्कीकडे वळला.

संध्याकाळी ॲपने विचारलं. आक्कांनी शून्य दाबून मोबाइल सुनेपुढे धरला.

"खरं?" सून म्हणाली.

"तुझ्या सासऱ्यांची शपथ."

"मला कशाला मध्ये घेता?" सासरे पेपराआडून म्हणाले.

त्यावर दोघी इतक्या हसल्या की आक्कांना आत जाऊन पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी लागली. शून्य शून्यच राहिलं.