लाल कड्याचं पाखरू

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि बीबी गावच्या शाळेत मीही नवा मास्तर, एकटा. एसटीच्या थांब्यामागच्या तळ्यावर हिवाळ्यात लांबून आलेले पांढरे कुरव पक्षी उतरायचे. त्यांतल्या एकाच्या पायात लाल कडं होतं.

थांब्यावर एक म्हातारा रोज बसलेला असे. लांबची गाडी आली की गुडघ्यावर हात टेकून उठायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "तुमच्याकडं पाखराच्या पायात लाल कडं घालतेत काय हो?" लोक हसत, पिशव्या उचलून निघून जात. तो पुन्हा तळ्याकडे तोंड करून बसायचा.

"कशाला विचारता हो रोज?" एकदा मी न राहवून म्हटलं.

"कोनीतरी हातात धरूनच कडं घातलं असन ना, मास्तर? तो मानूस वाट पाहून राह्यला असन. त्याले सांगा लागते, पाखरू पोचलं म्हनून."

पुढच्या हिवाळ्यात माझी बदली झाली. ट्रंक टपावर चढवली, तेव्हा तो खिडकीशी आला.

"पोचल्यावर कळवा बरं."

असं मला म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, मला त्याचं नावच ठाऊक नव्हतं.