कांदा-लसूण: नाही

प्रत्येक युगाला आपला विचारवंत लाभतो. आमच्या बिबवेवाडीच्या ऑफिसला लाभलेले विचारवंत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात आणि चहा सांगतात तो असा: "चहा, हो. साखर, नाही. आलं, हो." मी चहावाल्या काकूंना नुसतं "नेहमीचा" म्हणतो. समजणाऱ्याला समजतं.

आम्ही मंगल कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. मुख्य प्रोग्रामने स्वयंपाकाच्या, मांडवाच्या आणि बिलाच्या मोड्यूलला, म्हणजे जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांना, आठ गोष्टींचं हो-नाही कळवायचं असतं. मी ती आठही उत्तरं एका छोट्याशा आकड्यात बसवली होती. काम देखणं होतं. तसं मी मीटिंगमध्ये म्हणालोही होतो. चाचणीत स्वयंपाकाच्या मोड्यूलने तो आकडा उलट्या टोकाकडून वाचला आणि जैन लग्नाच्या जेवणात कांदा-लसूण घातला.

शेजारच्या टेबलावरच्या या गृहस्थांनी माझा आकडा काढून टाकला आणि सरळ शब्दांत लिहून पाठवलं, "कांदा-लसूण: नाही." ते सगळ्या मोड्यूलना कळलं. टोमणा मारला असता तर माझं उत्तर तयार होतं.

"याला मेमरीत जागा किती लागते, बघितलंत?" मी साहेबांना विचारलं.

"अहो, जागा आहे आपल्याकडे," साहेब म्हणाले. "व्याही रुसून गेला तर दुसरा कुठून आणायचा?"

आता मोड्यूल लिहिणारे सगळे आमच्या विचारवंतांनाच फोन करतात.

काल ते जागेवर नाहीत असं बघून मी काकूंना म्हणालो, "चहा, हो. साखर, नाही."

या ऑफिसात पहिल्यांदाच मला बिनसाखरेचा चहा मिळाला.