आत्तोबांच्या पिकअपचा मेंदू

जगातली कोणतीही वस्तू दुसऱ्या कोणत्याही वस्तूला जोडता येते, फक्त मध्ये चार बोल्ट आणि थोडा धीर लागतो, यावर माझ्या आत्याच्या यजमानांची जेवढी श्रद्धा होती, तेवढी मी कुणाचीच कशावर पाहिली नाही. आष्ट्यातल्या त्यांच्या घरात एकही वस्तू एकटी राहत नसे. शिलाई मशीनची मोटर त्यांनी ताकाच्या रवीला जोडली आणि पहिल्याच दिवशी लोणी छताला चिकटलं. आत्या वर बघत राहिली. आत्तोबा म्हणाले, "निघालं तर खरं! आता फकस्त खाली कसं आणायचं तेवढं बघू." लग्नाच्या पंगतीत बसले तरी त्यांचं लक्ष जिलेबीकडे नसून मांडवामागच्या जनरेटरकडे असे. घास हातात धरून ते डोळे मिटत, जनरेटरचे सिलिंडर कानाने मोजत आणि म्हणत, "तिसऱ्याला दम लागलाय." शेजारचा माणूस काळजीने पंगतीतल्या तिसऱ्या पाहुण्याकडे बघू लागे.

त्यांची एक जुनी पेट्रोल पिकअप होती, जीपच्या घडणीची. पुढे दोन माणसं, मागे उघडा हौदा. मूळ इंजिन थकल्यावर त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका जपानी स्पोर्ट्स गाडीचं इंजिन आणलं. ते बसवायला त्यांनी गाडी कापली की इंजिन, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण बसलं. हे इंजिन मुळात इंजेक्शनचं, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं हे एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवणार. ती भानगड नको म्हणून आत्तोबांनी त्याला देशी कार्ब्युरेटर लावून टाकला. सपाटीला गाडी अशी पळे की इस्लामपूरला उतरायचं म्हणणारा माणूस पार पुढच्या पेठ नाक्यावर उतरे. पण हिवाळ्यात ते महाबळेश्वरहून सांगलीच्या बाजाराला स्ट्रॉबेरी आणत, आणि उंचावर हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर पेट्रोल तेवढंच ओती, मग गाडी काळा धूर सोडून उभी राही. एका हंगामात ती तीनदा पसरणी घाटात रुसली. वर पेट्या उन्हात वाट बघत राहिल्या आणि सांगलीत उतरलं ते स्ट्रॉबेरीचं शिकरण.

तेव्हा आत्याने निर्वाणीचं सांगितलं. "आवं, औंदा घाटात एकदा जरी थांबली, तर इकायची. देवाम्होरं हात ठिवा."

आत्तोबांनी देव्हाऱ्यापुढे हात ठेवला. त्यांनी आयुष्यात वस्तू पुष्कळ मोडल्या, शब्द कधी मोडला नाही.

शब्द देऊन ते थेट माझ्याकडे आले. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायला मला याच पिकअपमधून त्यांनी नेलं होतं, आणि फॉर्म मी भरत असताना घाम त्यांना फुटला होता. माझ्या पदवीचा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला, आणि तिच्याकडून सर्वांत जास्त काम त्यांनीच करून घेतलं. आता कार्ब्युरेटर काढून मूळचं इंजेक्शनच बसवायचं ठरवून त्यांनी त्या सामानाबरोबर आलेलं एक जाडजूड पुस्तक माझ्यापुढे टाकलं.

"वाच, बीएस्सी."

"आत्तोबा, हे जपानी हाय."

"मग? तीन वर्सं काय केलास तितं?"

मी आकृत्या वाचल्या. पदार्थविज्ञान जेवढं कामी आलं त्याहून जास्त आत्तोबांचे कान कामी आले. तारांचं तर जंगल होतं. मी नंबर घालू म्हणालो. ते म्हणाले, "नंबर इसरतुया रं. नाती इसरत न्हाईत." मग प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून तिच्यावर एकेका नातेवाइकाचं नाव लिहिलं. पेट्रोल पंपाची तार म्हणजे थोरला मेव्हणा, कारण तो उठल्याशिवाय घरात काही हलत नसे. साडू आणि चुलतभाऊ एकमेकांना टेकू द्यायचे नव्हते. माझ्या हातून एकदा टेकले आणि फ्यूज उडाला. "बघितलास? मागं लग्नात बी आसंच झालं हुतं," आत्तोबा समाधानाने म्हणाले.

इलेक्ट्रॉनिक डब्याला ते मेंदू म्हणत. त्याला थंडी वाजू नये म्हणून स्वतःची माकडटोपी घालून त्यांनी तो शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधला. मी कुठे बसू, असं विचारलं तर म्हणाले, "तू हौद्यात बस. तुझ्या मेंदूला धूळ चालतीया."

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही. आत्तोबा चप्पल काढून तिच्यापुढे उभे राहिले.

महाबळेश्वरला निघायच्या सकाळी आत्या बाहेर आली. इतकी वर्षं गाडीला तिने शिव्यांखेरीज काही दिलं नव्हतं. त्या दिवशी हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा मोठा हार पुढच्या जाळीवर स्वतःच्या हाताने आडवा बांधला. आत्तोबा नवरदेवासारखे लाजले.

घाट गाडीने गात गात चढला. मी हौद्यात उभा राहून मागे पडणारे ट्रक मोजत होतो. आणि पाचगणी दोन वळणांवर असताना ती ठसकली, दोनदा थरथरली आणि थांबली.

आत्तोबांनी सगळे नातेवाईक तपासले. सगळे आपापल्या जागी होते. शेवटी हवा आत घेणारा पाइप उघडला. थंड हवा मिळावी म्हणून त्याचं तोंड आम्ही अगदी पुढच्या जाळीमागे आणलं होतं. आत किती हवा येते हे मेंदूला कळवणारी एक हलकी झडप होती. झेंडूच्या पाकळ्यांनी ती गच्च अडकली होती. वाऱ्याने हार कुसकरला होता आणि इंजिनाने तो ओढून घेतला होता.

मी टाळीच वाजवली. "आत्तोबा, शब्दातनं सुटला! गाडीत खोट न्हाईच. आत्याच्या हारानं..."

"गप!" त्यांनी आत्या दरीतून ऐकत असल्यासारखं मागे पाहिलं. "ह्यातलं एक अक्षर घरात काढायचं न्हाई."

"मग थांबलीच न्हाई म्हणून सांगू."

"देवाम्होरं हात ठिवलाय रं."

"आवं, पण गाडी जाईल!"

ते बराच वेळ एकेक पाकळी वेचून काढत राहिले. मग म्हणाले, "बावीस वर्सांत पयल्यांदा हार घातलाय तिनं. हे कळलं तर ती पुन्यांदा कशालाच घालायची न्हाई, गड्या."

झडप मोकळी झाल्यावर गाडी पुन्हा पाखरासारखी निघाली. स्ट्रॉबेरी सांगलीत उतरली तेव्हा एकाही फळाला ओरखडा नव्हता. घरी आल्यावर आत्तोबांनी सांगितलं, "थांबली. माझीच वायर ढिली ऱ्हायली हुती." गाडी थांबली हे खरं सांगितलं, का थांबली हे खोटं. माझ्या माहितीत ते त्यांचं एकमेव खोटं.

"हात कुणी ठिवला हुता?" आत्याने विचारलं.

"मीच," ते म्हणाले.

महाबळेश्वरच्या एका बागायतदाराने गाडी घेतली. आत्तोबांनी दोन तास त्याला साडू, मेव्हणा, चुलतभाऊ समजावून सांगितले. तो सोयरीक ठरवायला आल्यासारखा मान हलवत होता. गाडी निघणार एवढ्यात आत्या घरातून आली. डोळ्यांना पदर, हातात ताट, आणि ताटात झेंडूचा हार.

"दुसऱ्याच्या दारात चाललीया. रिकामी नगं जायाला," ती म्हणाली.

आत्तोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हाराचं एक टोक धरलं, दुसरं आत्याने बांधलं. मग ते म्हणाले, "कोपऱ्यापतूर बसून येतो." पट्टा सोडून, माकडटोपीतला मेंदू मांडीवर घेऊन ते बागायतदाराशेजारी बसले.

कोपऱ्यावर गाडी थांबलेली मला दिसली. आत्तोबा उतरले, पुढे गेले, जाळीवरच्या गाठी सोडल्या आणि हार बाजूच्या आरशाला नीट बांधला. बागायतदाराला काहीतरी बजावलं. गाडी वळणाआड गेल्यावर ते चालत परत आले.

आत्या दारातच होती. "कशी गेली वो?"

"गातच गेली," आत्तोबा म्हणाले.

आणि मागच्या दाराला जाऊन, हात अगदी स्वच्छ असतानाही, साबण लावून बराच वेळ धूत राहिले.