टाकी मी काढून घेतली

"तू साडी नेस. पाहुण्या बाईंना बुके दे, मग सगळ्यांना कॉफी."

हा शिरीष. आमच्या रेसिंग टीमचा लीडर. पुण्याचा, १९८२ साली अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याच वर्गात मेकॅनिकल करणारा.

"आणि गाडीच्या टाकीबद्दल कोण बोलणार?"

"मी बोलतो ना यार. तुझा ॲक्सेंट कुणाला कळणार?"

त्याचा ॲक्सेंट माझाच होता.

टाकीही माझीच होती. वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकायचं, नळी कोरडी पडायची, इंजिन मरायचं. मी टाकीत भोकं पाडलेले पत्रे बसवले. पेट्रोल जागेवर राहिलं. अख्खा हिवाळा बोटं कापून घेतली. शनिवारी रेसला जाणार कोण? पाच मुलगे. मी नाही. का? "मोटेलमध्ये तुझ्यासाठी वेगळी रूम कुठून आणू?"

पाहुण्या सत्तरीच्या. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची इंजिनं सुधारणाऱ्या इंजिनिअर. नंतर स्वतः गाड्या बांधून शर्यतीत पळवणाऱ्या. प्रोफेसरांनी ओळख काय करून दिली? "यांचे पती नामांकित पायलट होते." टाळ्या.

वर्कशॉपमध्ये बाईंनी वाकून गाडीतली टाकी आतून पाहिली. "हे कुणाचं काम?"

"आमचं," शिरीष म्हणाला.

माझ्या हातात ट्रे. "माझं," मी म्हणाले. मोठ्यानं.

प्रोफेसर हसले. "टीममध्ये माझं-तुझं नसतं, डिअर."

बाई हसल्या नाहीत. "युद्धात मलाही हेच सांगितलं. मी ऐकलं. विमानं उडाली, नाव साहेबाचं झालं. तू ऐकू नकोस."

ट्रे बॉनेटवर आपटला. पदर खोचला. पाना घेतला. टाकी रिकामीच होती. नट काढले, बाहेर ओढली.

"वेडी झालीस का? शनिवारी रेस आहे!" शिरीष ओरडला.

"टीमचं काम आहे ना? मग टीमनं दुसरी करावी."

केलीच त्यांनी. ती रेस हुकली, पण पुढच्या रेसपर्यंत माझंच ड्रॉइंग बघून दुसरी टाकी केली. गाडी पळाली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत शिरीषचा सत्कार झाला. एक काकू मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "एवढा इगो बरा नाही गं मुलीच्या जातीला."

इगो? माझं काम चोरलं तर ते टीम स्पिरिट, मी परत घेतलं तर इगो!

मला टीममधून काढलं. काढू द्या. जिथं माझं काम जाईल तिथं मी जाणार. मला दाराबाहेर ठेवलंत, तर काम पुन्हा उचकटून नेईन. आणि ड्रॉइंग आधी.