कडा कुरकुरीत

२० जानेवारी. सकाळपासून तिसऱ्यांदा पेज गाळत होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून नवऱ्याला गिळता येत नाही, नाकातल्या नळीतून भरवावं लागतं. बोलता मात्र येतं.

"अगं, माझी वही वाच," ते म्हणाले.

ते जहाजावर इंजिनिअर होते. चीनमधल्या शियामेन बंदरात कुठे काय खावं, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, निवृत्तीनंतर मला न्यायचं म्हणून. "कालवं खायला चीनला कशाला? इथे रत्नागिरीच्या खाडीत मिळतात की," असं म्हणत मी दर वर्षी टाळलं.

पेज देऊन झाल्यावर वाचायला बसले. देवळामागच्या गल्लीत दाण्याच्या रश्शातल्या नूडल्स, वर माकूल मासळीचे तुकडे. धक्क्याजवळ लाल छत्रीखाली एक म्हातारी कालवं घालून अंड्याची पोळी करते, कडा कुरकुरीत मागून घ्यावी.

वर पाहिलं तर त्यांचा जबडा हळूहळू हलत होता. तोंडात काहीच नव्हतं. मला पुढचं पान उलटवेना. तेवढंच पुन्हा वाचलं.

"तू तरी खा गं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून कालवं आणली, तशी पोळी केली आणि त्यांच्यासमोर बसून घास घेतला.

"आवाज नाही आला," ते म्हणाले.

"आपल्याकडे ती म्हातारी नाही."

"म्हणून तर चल म्हणत होतो."

मी उठले, पोळी पुन्हा तव्यावर टाकली, कडा चांगल्या कडक होऊ दिल्या आणि त्यांच्या कानाशी बसून सगळी खाल्ली.